उपासाची श्रीमंत आमटी

मराठी उपासाचा कायदा भलता कडक. तूर चालत नाही, मूग चालत नाही, हरभऱ्याला तर दारातही उभे करायचे नाही. बहुतेक घरांत हळद-मोहरीवरही बंदी. या सगळ्या बंदोबस्तातून शेंगदाणा मात्र मानाने आत येतो. वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरात त्याची नोंद तूर-मुगाच्याच कुळात आहे, पण आषाढीच्या दिवशी ते दफ्तर उघडतो कोण?

त्यात तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, रताळे, मिरची आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही मंडळीही त्याच बाजूची. 1492 साली कोलंबस तिकडे पोचेपर्यंत यांपैकी कुणाचीच इकडे ओळख नव्हती. म्हणजे 13व्या शतकात ज्ञानेश्वर-नामदेवांनी एकादश्या केल्या त्या खिचडी आणि दाण्याची आमटी या दोन्हींवाचून. त्यांना खरोखरच उपास घडत असणार.

आता भगर आणि दाण्याची आमटी ही जोडी ठरलेली. एकटी भगर घशाखाली उतरायला कुरकुरते. आमटी ओतली की तीच भगर दुसऱ्यांदा मागितली जाते.

आमटी सोपी असते, असे सांगणारे बहुधा फक्त जेवायला बसतात. दाणे मंद आचेवर भाजावे लागतात. आच मोठी केली की सालावर काळे डाग पडतात आणि आत दाणा कच्चाच राहतो. मग चोळून साले काढायची, कारण त्यांचा तुरटपणा आमटीत उतरतो. पूर्वी हे काम सुपात पाखडून होई. ज्या फ्लॅटमध्ये सूप नाही, तिथे कर्ता पुरुष ताट घेऊन गॅलरीत उभा राहतो आणि फुंकर मारतो. दाणे ताटात राहतात, साले खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या धोतरावर विसावतात.

पुढची परीक्षा मिक्सरची. दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. कोरडेच फिरवत राहिले की ते सुटते आणि कुटाऐवजी पात्याला बिलगलेला गोळा हाती येतो. म्हणून आधी थांबत-थांबत कूट करायचे, मग पाणी घालून बारीक वाटायचे. दाण्यातली प्रथिने तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतात. थेंबभर दूध न घालता आमटीला साईचा गुळगुळीतपणा येतो तो त्यामुळे.

तुपात जिरे तडतडले, मिरची पडली, की वाटण आणि गरम पाणी. चवीला मीठ, गूळ, आमसूल. ढवळणे थांबले की आमटी तळाला लागते. पाठ फिरली की उतू जाते. फोन नेमका तेव्हाच वाजतो.

लवंग-दालचिनी घालायची का, कोथिंबीर चालते का, यावर एकाच जिन्यावरच्या दोन बिऱ्हाडांत दोन धर्मशास्त्रे नांदतात. तूप किती, यावर मात्र कुठेच वाद होत नाही.

शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण 25 ग्रॅम प्रथिने आणि साडेपाचशेहून अधिक कॅलरी. वर तूप, गूळ आणि भगरीचा डोंगर. दुपारी दोनला अख्खे घर आडवे होते. पाचला उठून आजोबा म्हणतात, "उपासानं अगदी गळून गेल्यासारखं झालंय गं," आणि आजी बटाट्याच्या चिवड्याचा डबा पुढे सरकवते.