स्लॅमेच्छुकांसाठी काही सूचना

ब्रिज खेळणाऱ्याच्या मनात स्लॅमची हाव कोणी घातली, याची चोख नोंद आहे. 1925 साली हॅरल्ड वँडरबिल्ट हे अमेरिकी धनाढ्य गृहस्थ ‘फिनलंड’ नावाच्या बोटीने लॉस एंजलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला चालले होते. तोवरच्या ऑक्शन ब्रिजमध्ये तेरापैकी बारा हात झाले की स्लॅमचं बक्षीस पदरात पडे. बोली दोनाची होती की सहाची, हे कोणी विचारत नसे. वँडरबिल्टनी प्रवासात गुणांची नवी पद्धत बसवली. बक्षीस हवं, तर आधी बोलून दाखवा. तेव्हापासून चार इस्पिकवर सुखाने थांबलेला माणूस बारा हात करूनही गुन्हेगारासारखा भिडूची नजर चुकवतो.

हा प्रसंग टाळू इच्छिणाऱ्याने प्रथम बेरीज करावी. एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1. अख्ख्या कॅटात 40. दोघांचे मिळून 33 झाले की सहा नो ट्रम्प बोलावं, असं पुस्तकं सांगतात. त्यामागचं कारण सरळ आहे: समोरच्यांकडे 7 उरतात आणि दोन एक्क्यांचे 8 होतात, म्हणजे दोन एक्के बाहेर असूच शकत नाहीत. इच्छुक बहुधा इथेच पुस्तक मिटतो. एकाच रंगाचा एक्का-राजा मिळून बरोबर 7 होतात, आणि ती जोडी नेमकी उतारी करणाऱ्याकडे असते. चहाचा कप उचलण्याआधीच दोन हात गेलेले असतात.

आता धोक्याचा हिशेब. व्हल्नरेबल असताना चाराऐवजी सहा इस्पिक बोलून जिंकलं तर 750 जास्त मिळतात आणि एका हाताने बुडालं तर बरोबर तेवढेच जातात. नॉन-व्हल्नरेबल असताना दोन्हीकडे 500. म्हणजे सहाची बोली एका फिनेसवर अवलंबून असेल, तर ती नाण्याच्या फेकीइतकी न्याय्य. हुकमाची पाच पानं बाहेर असून ती 3-2 फुटण्यावरच सगळं अडलं असेल, तर शंभरात 68 वेळा जमतं. अशा वेळी पास म्हणणं हा भित्रेपणाच. साताची गोष्ट वेगळी. सांघिक सामन्यात व्हल्नरेबल असताना सहाऐवजी सात बोलून जमलं तर 13 इंप (सांघिक गुण) मिळतात, फसलं तर 17 जातात. त्यासाठी 57 टक्क्यांच्या आसपास खात्री लागते. क्लबांमध्ये साधारण उलटी प्रथा दिसते: सहाला माणूस घाबरतो आणि सातला शूर होतो.

यापुढचा विधी ब्लॅकवुडचा. ईझ्ली ब्लॅकवुड हे इंडियानापोलिसचे विमा कंपनीतले गृहस्थ. 1933 साली त्यांनी चार नो ट्रम्प ही बोली भिडूकडचे एक्के विचारण्यासाठी वापरायला सुचवली. पाच किल्वर म्हणजे एकही नाही किंवा चारही, पाच चौकट म्हणजे एक, आणि असंच वर. जोखीम मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने काढलेलं हे साधन लोक जोखीम ओढवून घेण्यासाठीच जास्त वापरतात, आणि त्याची रीत ठरलेली आहे. उत्तराचं काय करायचं हे ठाऊक नसतानाच प्रश्न विचारावा. समजा, इच्छुकाकडे चौकटची फक्त तिर्री आणि दुर्री आहे. भिडू म्हणतो, एक एक्का. कोणता? ते विचारायची सोय या प्रश्नात नाही. चौकटचा एक्का-राजा बाहेर असेल तर खेळ उतारीलाच संपला. खरं तर इथे क्यू-बिड करत, एकेका रंगावरचा ताबा दाखवत जायचं असतं. पण ते सावकाशीचं काम, आणि चार नो ट्रम्प बोलताना रुबाब किती दिसतो!

हुकूम किल्वरचा असेल तर आणखी बहार. इच्छुकाला दोन एक्के हवे असतात, नाहीतर पाच किल्वरवर थांबायचं असतं. भिडू म्हणतो पाच चौकट, म्हणजे एकच. पाच किल्वर आता मागे पडलं. थांबायला जागाच उरली नाही म्हणून बोललेल्या अशा स्लॅमला नंतरच्या चर्चेत ‘धाडसी’ म्हणतात.

ज्यांना बोलीच्या या भाषेवर भरवसा नाही, त्यांनी पाय मात्र आवरावेत. 1975 च्या बर्म्युडा बोल स्पर्धेत भिडूंमध्ये पहिल्यांदाच पडदे लावले. पण ते टेबलाखाली पोचत नव्हते. इटलीच्या फाक्कीनी-झुक्केली जोडीवर पायाने खुणा केल्याचा आरोप आला. त्यांना कडक समज मिळाली आणि टेबलांखाली अडसर आले.

त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, शेवटचे थोडे डाव उरले असताना, इटलीचेच बेलाडोना आणि गारोझ्झो सात किल्वरवर जाऊन पोचले. हुकमाचा राजा त्यांच्याकडे नव्हता. डमीत किल्वरची पानं दोनच, एक्का आणि राणी. त्यामुळे फिनेस चालून भागणार नव्हतं, राजा दोनच पानांत असायला हवा होता. अशी शक्यता निम्म्याहून बरीच कमी. अमेरिकेचे एडी कँटार राजा आणि दश्शी घेऊन बसले होते, नेमक्या हव्या त्या बाजूला. तेरा हात झाले. दुसऱ्या टेबलावर अमेरिकी जोडी सहा नो ट्रम्पवर शहाण्यासारखी थांबली होती आणि त्या शहाणपणाचे 12 इंप इटलीला गेले. फसलं असतं तर 17 अमेरिकेला मिळाले असते. एकूण फरक 29 चा. इटलीने सामना त्याहून कमी फरकाने जिंकला. हे उदाहरण आपल्या बाजूने वापरण्याची इच्छुकांना पूर्ण मुभा आहे. वापरतातही.

‘मूनरेकर’ या 1955 च्या कादंबरीतलं मात्र वापरू नये. त्यात जेम्स बाँड, त्याचे आणि भिडूचे मिळून 8 गुण असताना, सात किल्वर रीडबल होऊन वसूल करतो. कॅट त्याने आधीच लावून आणलेला असतो.

शेवटी, बोली संपून डमी उघडला जातो तेव्हाची शिस्त. भिडूने चौकटची तिर्री-दुर्री मांडली आणि इच्छुकाच्या हातातही त्या रंगाची दोन फुटकळ पानंच असली, तरी प्रघाताप्रमाणे ‘थँक यू, पार्टनर’ म्हणायचं, आवाज न बदलता. डमीने पानं मांडल्यावर इच्छुक सांगेल ते पान पुढे करायचं, एवढंच. चौकटचा राजा पडेपर्यंत छताचा पंखा नीट चालतो आहे ना, हे त्याने पाहून घ्यावं.