आम्ही आलो तेव्हा इथे समुद्र होता

दोहात नोकरी लागली की कतार आयडी हातात पडायच्या आधी एक जुना दोहाकर मिळतो. त्याला शोधावं लागत नाही. गणपतीच्या आरतीला किंवा मेथीची जुडी निवडताना तोच आपल्याला गाठतो. “चिपळूणचे का? कुठल्या आळीतले?” हे झालं की तिसऱ्या वाक्याला गुरुवारी संध्याकाळी वेस्ट बेला पाण्याकाठी जेवायला जायचं ठरलेलं असतं. गुरुवार अशासाठी, की शुक्रवार-शनिवार सुट्टी, आणि या काकांना बोलायला वेळ लागतो.

गाडी तुम्ही चालवायची, रस्ता काका सांगणार. मोबाइलमधली बाई काहीही म्हणो, काका म्हणतात, “रमाडा सिग्नलवरून सरळ घे, पुढे रेनबो राउंडअबाउट लागेल.” रमाडा हॉटेलचं नाव कधीच बदललं आणि तो राउंडअबाउट तर उखडून तिथे सिग्नल बसला. पण काकांच्या दोहात म्युनिसिपालिटीला प्रवेश नाही. त्यांच्या मागे बसलेल्या काकू शांतपणे म्हणतात, “तू मोबाइलचंच ऐक.”

जागा मात्र काका झकास निवडतात. पंचतारांकित नाही. पाण्याला लागून मांडलेली लाकडी टेबलं, शेजारून येणारा हुक्क्याचा सफरचंदी धूर, पोरं कठड्याला लोंबकळलेली. नोव्हेंबर लागला की संध्याकाळी असा वारा सुटतो की याच गावात ऑगस्टमध्ये आपण दार उघडायला घाबरत होतो हे खरं वाटत नाही. समोर सात किलोमीटरच्या कॉर्निशची दिव्यांची कमान, तिच्या पलीकडच्या टोकाला आय. एम. पेई यांनी बांधलेलं इस्लामी कलेचं संग्रहालय, मध्ये रोषणाई केलेल्या धो होड्या. तुम्ही “वा!” म्हणायला तोंड उघडता, आणि तेवढ्यात काका टेबलाखालच्या फरशीवर बूट आपटून ते वाक्य म्हणतात: “आम्ही आलो तेव्हा इथे समुद्र होता.”

मग हमस येईपर्यंत इतिहास. शेरेटनचा पिरॅमिड एकटा उभा होता आणि मागे नुसती वाळू. हा पिरॅमिड विल्यम परेरा या अमेरिकन वास्तुकाराचा. सॅन फ्रान्सिस्कोचा तो सुळक्यासारखा ट्रान्सअमेरिका टॉवरही त्याचाच. शेरेटनबद्दल काका वडिलोपार्जित वाड्याबद्दल बोलावं तसे बोलतात. आत ते कंपनीच्या वार्षिक जेवणाला एकदा गेले होते. पुढे १९९६ च्या अखेरीस द्रवरूप वायूचं पहिलं जहाज जपानला निघालं, पैसा आला आणि वाळूतून टॉवर उगवले. झां नुव्हेल या वास्तुकाराचा जाळीदार दोहा टॉवर २०१२ चा. काका तो दाखवत नाहीत. त्याच्या जागी काय नव्हतं ते दाखवतात.

आता खरी गंमत सांगतो. वेस्ट बेचा भराव पडायला लागला १९७० च्या दशकात. काका विमानातून उतरले १९९४ साली. म्हणजे इथला समुद्र त्यांनीही पाहिलेला नाही. तो त्यांना त्यांच्या वेळच्या जुन्या दोहाकराने अशाच एका जेवणात सांगितला, आणि काकांनी तो जसाच्या तसा पुढे चालवला.

मागवायचं काय हे विचारायची सोय नाही. वेटर नेपाळचा, काका आधी त्याचा जिल्हा, मग त्याच्या बहिणीचं लग्न आणि मग आजची मासळी ताजी आहे का, या क्रमाने चौकशी करतात. तो भाजलेला हमूर आणतो, बरोबर न मागता लिंबं, हिरव्या मिरच्या आणि लोणच्याची जास्तीची बशी. हे आपल्याला एकट्याने गेल्यावर कधीच मिळत नाही. काकू पर्समधून ठेच्याची डबी काढतात आणि लेबनीज रोटीला प्रथमच सासर मिळतं.

किमती बघून नवं जोडपं मनातल्या मनात गुणाकार करत असतं. साठ रियालचा मासा म्हणजे चोवीसच्या भावाने चौदाशे चाळीस रुपये! काका म्हणतात, “पाचशेच्या आसपास जातो रे.” त्यांचा रियाल अजून साडेआठ रुपयांचा आहे, ते उतरले तेव्हा होता तो. रियाल तसा डॉलरला ३.६४ ने बांधलेला, तो जागचा हलत नाही. घसरला तो आपला रुपया. गावी पैसे पाठवायला एक्स्चेंजच्या रांगेत उभे राहिले की हेच काका आजचा भाव पैशापर्यंत तोंडपाठ सांगतात. १९९४ चा दर फक्त जेवणाला, आणि तोही पाहुण्यांसाठी.

म्हणूनच बिल ते कुणाला देऊ देत नाहीत. हात धुवायला म्हणून उठतात आणि काउंटरवर पैसे भरून येतात. आपण चिडलो की म्हणतात, “पुढच्या वेळी तू दे.” पुढच्या वेळी पुन्हा त्यांचे हात खराब होतात. वर कॉफी इथली घ्यायची नाही. गाडी एखाद्या टपरीसमोर उभी करून हॉर्न वाजवायचा आणि कागदी कपातला करक चहा खिडकीतून घ्यायचा.

परवा असाच चहा घेताना २०१८ मध्ये आलेला एक तरुण महिनाभरापूर्वी आलेल्या पोराला सांगत होता, “आम्ही आलो तेव्हा मेट्रोसुद्धा नव्हती.” मेट्रो २०१९ ची, म्हणजे तो तरुण खोटं बोलत नव्हता. काकांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात कौतुक कमी आणि स्पर्धा जास्त होती.

तेव्हा वेस्ट बेला जेवायला जाणार असाल तर नोव्हेंबर ते मार्च या काळात जा, आणि जुना दोहाकर बरोबर न्याच; त्याच्याशिवाय मासा निम्मा लागतो. फक्त बसताना त्याला आतली, भिंतीकडची खुर्ची द्या. हात धुवायला उठायचं तर तुम्हाला ओलांडून जावं लागेल, अशी.