पहिल्या षटकाचे जाणकार

कुस्तीतलं आणि फुटबॉलमधलं कळत नाही, असा माणूस कोल्हापुरात शोधून सापडायचा नाही. आमच्या पेठेतल्या अण्णांचा प्रांत मात्र तिसराच: नवा फास्ट बॉलर. एखादं पोरगं पहिल्यांदा निळी जर्सी घालून रनअप मोजायला लागलं, की गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर अण्णा धारोष्ण दुधाचा ग्लास खाली ठेवतात, कुणाच्या तरी मोबाइलमध्ये डोकं घालतात आणि पहिला चेंडू कीपरच्या छातीवर आदळताच मिशीवरचा फेस न पुसता निकाल देतात. "पोरगं नाद खुळा हाय. लिहून ठेव भावा, धा वर्षं बघायचं काम न्हाई."

कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून अण्णांचं बरं चाललंय.

२०२४च्या ऑक्टोबरात ग्वाल्हेरला मयंक यादवनं पदार्पणाचं पहिलंच षटक निर्धाव टाकलं, तेव्हा कट्ट्यावरच्या सगळ्यांच्या दुधाचे पैसे अण्णांनी दिले. पुढं तो दुखापतीनं बसला. आम्ही विषय काढला, तर म्हणाले, "खुराक कमी पडला गा. सहा महिने हितं तालमीत सोडा, मग बघा." पोरगं चाललं तर अण्णांनी ओळखलेलं असतं, नाही चाललं तर बोर्डानं वाटोळं केलेलं असतं. या धंद्यात खोट येत नाही.

पण फारच छेडलं, तर अण्णा हुकमाचं पान काढतात: सदाशिव पाटील. १९५५ साली अण्णांचा जन्मही व्हायचा होता, तरी सांगतात असं, की जणू मिडऑफला हेच उभे होते. तपशील मात्र खरे. सदू पाटील कोल्हापूरचे. १९५२-५३ला महाराष्ट्राकडून रणजी पदार्पण, तेही मुंबईविरुद्ध. मुंबई ११२ला गारद, सामना महाराष्ट्राचा. मग डिसेंबर १९५५, ब्रेबर्न, समोर न्यूझीलंड. हाती नवा चेंडू आणि दोन्ही डावांत एकेक बळी. विनू मंकडनी २२३ ठोकले, भारत डावानं जिंकला, आणि पाटलांना पुन्हा बोलावणं आलं नाही. त्या काळी नव्या चेंडूची लकाकी उतरवून तो गुप्ते-मंकडांच्या हाती द्यायचा, एवढंच वेगवान माणसाचं काम; तेवढ्यासाठी कोण कोल्हापूरला तार करतोय? पुढं लँकेशायर लीगच्या दोन हंगामांत त्यांनी १११ बळी घेतले. २०२० साली, ८६व्या वर्षी, कोल्हापुरातच वारले.

अण्णांची बाकीची भाकितं सोडून द्या, पण पाटलांवर अन्याय झाला हे त्यांचं म्हणणं मला पटतं. त्या एकमेव कसोटीत पाटील नाबाद १४. म्हणजे कसोटीत त्यांना एकाही बॉलरनं बाद केलं नाही. ते काम निवड समितीनं केलं.