व्हर्च्युअल मशीन : प्रवेश, वापर व सुटका

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने थाटलेला दुसरा संगणक. एका दणकट सर्व्हरवर असे अनेक संगणक नांदतात आणि सगळी मेमरी आपल्याच मालकीची आहे, या समजात प्रत्येक जण सुखी असतो. हा समज जपण्याचे काम हायपरवायझर नावाचा प्रोग्रॅम करतो. कल्पना जुनी आहे. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ साली जाहीर केली, तेव्हा अख्खा मेनफ्रेम एकट्या माणसाला देणे कोणालाच परवडत नव्हते.

इंजिनिअरिंग कॉलेजात या कल्पनेची गरज वेगळ्या कारणाने पडली. वर्गात एकाकडे विंडोज, दुसऱ्याकडे मॅक, तिसऱ्याच्या लॅपटॉपवर दादाचे गेम. सगळीकडे एकच सॉफ्टवेअर बसवता बसवता निम्मी टर्म सरते. त्यापेक्षा सर्वांना एकसारखे उबंटू मशीन दूरच्या सर्व्हरवर दिले की ‘सर, माझ्याकडे इन्स्टॉल होत नाही’ ही सबब संपते. तिच्या जागी ‘सर, कनेक्टच होत नाही’ ही येते.

कनेक्ट व्हायचे ते एसएसएचने. फिनलंडमधल्या एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या टाटू इलोनेन या संशोधकाने १९९५ साली ही पद्धत तयार केली. त्याआधीचे टेलनेट पासवर्ड उघड्यावरून नेत असे. टेलनेटचे पोर्ट २३ आणि एफटीपीचे २१. मधले २२ रिकामे होते, ते इलोनेनने मागून घेतले. कॉलेजचे वायफाय बहुधा नेमके तेच अडवते. कनेक्शन नाकारले, असा संदेश आला तर समोर मशीन आहे, पण आत घ्यायला कोणी बसलेले नाही. वेळ संपली, असा आला तर मशीन बंद आहे किंवा वाटेत फायरवॉल आहे. वर्गात दोन्हींसाठी ‘चालत नाहीये’ एवढेच म्हणतात.

पहिल्या प्रवेशाला मशीन आपला लांबलचक फिंगरप्रिंट दाखवून विचारते, पुढे जायचे का? तो सरांनी दिलेल्या फिंगरप्रिंटशी ताडून पाहणे हे शास्त्र. सरांनी तो दिलेला नसतो आणि कोणी मागितलेलाही नसतो. मात्र नुसते ‘वाय’ दाबून भागत नाही, ‘येस’ पूर्ण लिहून द्यावे लागते. म्हणजे न वाचलेल्या कागदावर सहीदेखील नीट अक्षरात हवी.

मग पासवर्ड. तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, चांदण्याही नाहीत. कीबोर्ड बिघडला असे समजून विद्यार्थी तीच अक्षरे जोर लावून पुन्हा दाबतो. जोराचा पासवर्डवर परिणाम होत नाही, अक्षरे मात्र दुप्पट होतात. यावर उपाय म्हणून किल्ल्यांची जोडी वापरतात. सार्वजनिक किल्ली मशीनवर ठेवायची, खासगी स्वतःपाशी. खासगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरायलाच नकार देते. ही दक्षता स्तुत्य आहे, पण वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच फाइल ‘कोणाला हवीये का’ म्हणून फिरत असते, हे एसएसएचला कळायला मार्ग नाही.

आत गेल्यावर दिसणारा प्रॉम्प्ट आपण कोण आणि कोणत्या मशीनवर आहोत, हे सांगतो. पुढच्या बहुतेक भानगडींचे उत्तर या अर्ध्या ओळीत असते. ती कोणी वाचत नाही. काळ्या खिडक्या दोन, एक लॅपटॉपची, एक दूरच्या मशीनची, आणि दिसायला सारख्या. प्रॅक्टिकल आटोपल्यावर लॅपटॉप बंद करायची आज्ञा दुसऱ्या खिडकीत गेली की बंद पडते ते दूरचे मशीन. ते चौघांच्या गटाला मिळून एकच असेल, तर उरलेले तिघे लगेच चौकशीला येतात. दाबून चालू करावे असे बटण त्याला नसते. सरांनाच फोन करावा लागतो.

बोटांच्या सवयीही इथे उलटतात. कंट्रोल-सी दाबून कॉपी करायला जावे, तर चाललेला प्रोग्रॅम मरतो. कंट्रोल-एस दाबून सेव्ह करावे, तर टर्मिनल गोठते. ते कंट्रोल-क्यूने सुटते, पण हे कळेपर्यंत खिडकी बंद केलेली असते. विम हा एडिटर उघडणे सोपे, बाहेर पडणे अवघड. त्यातून बाहेर कसे पडावे, हा प्रश्न दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेल्याचे स्टॅक ओव्हरफ्लोने २०१७ साली जाहीर केले, तेव्हा याबाबतीत महाराष्ट्रातले विद्यार्थी जगाच्या मागे नाहीत.

वीज किंवा वायफाय गेले की तासभर चाललेला प्रोग्रॅमही सहसा त्यासोबत जातो. दूरच्या मशीनवर टीमक्स नावाचा प्रोग्रॅम वापरून तो सुरू केला असेल, तर तो तिकडे चालू राहतो. हे पहिल्याच लेक्चरला सांगितलेले असते आणि सबमिशनच्या आदल्या रात्री शिकले जाते.

शेवटी फाइल पाठवणे. एससीपीच्या आज्ञेत मशीनच्या पत्त्यापुढे कोलन लागते. ते राहिले तर चूक दाखवली जात नाही. त्या पत्त्याच्याच नावाची नवी फाइल लॅपटॉपवर तयार होते आणि पाठवणारा निर्धास्त चहाला जातो.

टर्म संपल्यावर मशीन नुसते बंद ठेवून चालत नाही, कारण क्लाउडवर बंद मशीनच्या डिस्कचेही भाडे चालू राहते. म्हणून ते काढून टाकतात, डिस्कसकट. त्याची तारीख नोटीस बोर्डावर लागते, ग्रुपवर दोनदा येते आणि ‘सर, फक्त एक फाइल राहिली होती’ असे सांगायला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी सकाळी येतो.