पोतं माझं, उतारा सगळ्यांचा

पश्चिम महाराष्ट्रात ऊस कारखान्यासाठी लावतात, असा सरकारी समज आहे. आमचे आबा तो भावकीसाठी लावतात. रस्त्यानं जाणाऱ्या चुलतभावानं गाडी थांबवून "काय काळाभोर आलाय!" म्हणावं आणि रात्री त्याचा डोळा लागू नये, एवढ्यासाठी युरिया.

पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राला ही गरज कधी कळलीच नाही. त्यांची शिफारस आडसालीला हेक्टरी 400 किलो नत्र, तेही हप्त्यानं: लागणीला 10 टक्के, दीड-दोन महिन्यांनी 40, पुढं 10 आणि मोठ्या बांधणीला उरलेलं 40. वर पहारीनं भोक पाडून खत मातीआड करा म्हणतात. मातीआड केलेलं खत भावकीला दिसणार कसं?

आबा घमेलं काखेत घेऊन सरीतून चालतात आणि मूठ झोकात फेकतात. दाणे कुठं वरंब्यावर, कुठं पानाच्या बेचक्यात, दोन-चार बांधापलीकडं. मग पाट फोडतात. थोडा युरिया अमोनिया होऊन हवा खातो, थोडा नायट्रेट होऊन खालच्या विहिरीत उतरतो. बांधणीनंतर नत्र बंद म्हणतात, पण वळीव पडला की आबांचा हात शिवशिवतो.

शेतकरी किलो नाही, पोती मोजतो, हे हेरून सरकारनं 2018 मध्ये 50 किलोचं पोतं 45 चं केलं. आबांनी सरकारला हेरलं आणि एक पोतं वाढवलं. 266 रुपये 50 पैशांत एवढी इज्जत दुसरीकडं कुठं मिळते? डीएपीला 1350 मोजावे लागतात, म्हणून स्फुरदाचं नाव सणासुदीलाच.

असा माजलेला ऊस लोळतो, त्याच्यावर मावा बसतो आणि रसात साखर कमी भरते. पण आबांचं काय बिघडतं? काट्यावर भरतं ते वजन. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, ठरते अख्ख्या कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर, 10.25 टक्क्यांच्या वर दशांश चढला की दर चढतो. म्हणजे पाण्याचं वजन आबांच्या पावतीवर आणि घटलेली साखर हजारो सभासदांच्या डोक्यावर. पहारीनं खत देणाऱ्या एखाद्या खुळ्याच्याही. सहकार यापेक्षा खोल रुजायचा तरी किती?

वार्षिक सभेत पहिला माईक आबांच्याच हातात असतो. "चेअरमनसाहेब, आमचा उतारा कुणी खाल्ला?" मंडप टाळ्यांनी दणाणतो. चेअरमनसाहेब चष्मा पुसत राहतात. त्यांचा स्वतःचा फड आबांच्या फडापेक्षा काळा आहे.