वर्ग न झालेल्या रकमेचे गुरुजी

श्रीगोंदा तालुक्यातील मनुष्यप्रकारांत ‘हिशेबी गुरुजी’ हा प्रकार अभ्यासकांनी अकारण दुर्लक्षिलेला आहे. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर जिल्हा परिषदेच्या सेवेत रुजू होणे ही या प्रकारात मोडण्याची पहिली अट होय. कारण त्या दिवसापासून नव्याने लागणाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने जुने निवृत्तिवेतन बंद केले आणि परिभाषित अंशदान योजना, म्हणजे शिक्षकांच्या तोंडची ‘डीसीपीएस’, आणली, जिच्यात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या 10 टक्के रक्कम कापून तेवढीच शासनाने घालावी असे ठरले. पुढे ही जमा राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत, म्हणजे एनपीएसमध्ये, वर्ग करण्याचा निर्णय झाला, आणि निर्णय व रक्कम यांच्यामधील काळात गुरुजींचा स्वभाव घडला. कुकडी कालव्याचे आवर्तन टेलला पोहोचेपर्यंत श्रीगोंद्याचा शेतकरी जसा चारीवर बसून असतो तसेच हेही बसले. फरक एवढाच की पाणी आले तर ते शेतकऱ्याला निदान दिसते.

गुरुजींच्या फाईलमध्ये पहिल्या पगारापासूनची प्रत्येक कपात, प्रत्येक अर्ज आणि त्यावरील आवक क्रमांक असतो. कार्यालयात एखादी नोंद सापडेनाशी झाली की लिपिक त्यांनाच फोन करतो, ही वस्तुस्थिती उभय पक्षांना मान्य असूनही कोणी बोलून दाखवत नाही.

मात्र या प्रकाराचे खरे दर्शन घडते ते आयकर विवरणपत्राच्या दिवसांत. शासनाचा वाटा आधी वेतनात मिळवायचा आणि मग कलम 80 सीसीडी(2) खाली वजा करायचा, अशी कायद्याची रीत आहे. पण वजावटीला त्या वर्षीच्या वेतनाच्या ठरावीक टक्क्यांची मर्यादा असल्याने, अनेक वर्षांचा थकलेला वाटा एकदम आला तर मर्यादेवरचा भाग करपात्र ठरेल की काय, आणि ज्या पैशाला निवृत्तीपर्यंत सहसा हात लावता येत नाही त्यावर आजच कर भरावा लागेल की काय, या शंकेने त्यांची झोप उडते. सहकारी फॉर्म 16 कर सल्लागाराकडे टाकून चहाला जातात. गुरुजी मात्र कलम 89 उघडतात. थकीत वेतन एकाच वर्षी हाती आल्याने वाढलेल्या करात या कलमाने सवलत मिळते. त्यासाठी थकबाकी ज्या-त्या वर्षात मिळाली असती तर किती कर लागला असता, हे प्रत्येक वर्षाचे गणित मांडून फॉर्म 10ई विवरणपत्राआधीच ऑनलाइन भरावा लागतो. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीने त्यांचा हात या गणितावर असा बसला आहे की शाळेतल्या निम्म्या शिक्षकांचा फॉर्म तेच भरून देतात, मोबदल्यात फक्त त्यांचे विवेचन शेवटपर्यंत ऐकावे लागते, आणि अनेकांना सल्लागाराची फी त्यापेक्षा स्वस्त वाटते.

शासनाकडून आपली रक्कम वर्षानुवर्षे रखडली म्हणून आपणही मुदत ओलांडावी, हा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. बचत खात्यावरील व्याजाचे किरकोळ रुपयेही ते निष्ठेने दाखवतात. विवरणपत्राच्या ई-पडताळणीला मिळणारी 30 दिवसांची सवड त्यांना अनावश्यक वाटते. मोबाईलवरचा ओटीपी टाकून, पोचपावतीच्या दोन झेरॉक्स काढून ते त्याच संध्याकाळी हिशेबातून गळलेल्या एका महिन्याच्या कपातीबद्दलचे पुढचे स्मरणपत्र लिहायला बसतात, आणि त्यात मागील सर्व स्मरणपत्रांचे संदर्भ तारीखवार देतात.