सहा महिने मुक्काम, अडीच दिवस अमेरिका

अमेरिकेत पगारी रजा द्यायलाच हवी, असं मालकाला बजावणारा केंद्रीय कायदा नाही. मराठी आईवडील अमेरिकेत काय पाहणार आणि काय पाहणार नाहीत, याचा निकाल तिथेच लागतो. बाकी सगळे तपशील: हॉटेल, भाड्याची मिनीव्हॅन, पोळ्यांचा डबा.

हिशेब मांडून बघा. व्हिसा दहा वर्षांचा. विमानतळावरचा अधिकारी मुक्काम देतो साधारण सहा महिन्यांचा. चिरंजीवांच्या खात्यात रजा शिल्लक नऊ दिवस. त्यातले दोन पोरांच्या तापासाठी राखीव. दोन सूनबाईंच्या आईवडिलांसाठी, कारण हे गेले की ते येणार. उरले पाच. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस रस्त्याने साडेचार हजार किलोमीटर भरतं, म्हणजे समृद्धी महामार्गाने मुंबई-नागपूर सहा वेळा केलं तरी पोचायचं नाही. एवढा देश पाच दिवसांत दाखवायचा. शनिवार-रविवार जोडून.

मग एक्सेलची शीट उघडते. ती मार्चमध्येच तयार असते, आईबाबांची बॅग माळ्यावरून खाली यायच्या आधी. ठिकाण, अंतर, हॉटेल, पार्किंग, भारतीय जेवण किती मैलांवर, आणि शेवटचा रकाना 'आईला चालेल का'. बाबांसाठी रकाना नसतो. बाबांना काहीही चालतं असं आईने परस्पर कळवून टाकलेलं असतं. ज्यांच्यासाठी हा उद्योग, त्या दोघांना शीट उघडायची परवानगी मिळते. बदलायची नाही.

मेमोरियल डे, चार जुलै, लेबर डे. जमल्या तर शनिवार-रविवारला जोडून येणाऱ्या तीन सुट्ट्या, त्यात तीन सहली. अडचण एवढीच की, ही कल्पना उरलेल्या अमेरिकेलाही सुचलेली असते. "इकडे रस्त्यावर माणसंच दिसत नाहीत गं," असं महिनाभर फोनवर सांगणाऱ्या काकूंना त्या शुक्रवारी संध्याकाळी सगळी माणसं एकदम दिसतात. आपापल्या गाडीत बसलेली.

पहिला नंबर नायगाराचा. तो अमेरिकेत ठरत नाही, कोथरूडला ठरतो. सोसायटीतले जोशीकाका-काकू जाऊन आले, निळा प्लॅस्टिकचा रेनकोट घालून फोटो काढून आले, तेव्हा आपल्यालाही निळ्या रेनकोटात उभं राहणं आलं. न्यू जर्सीतून एडिसनहून निघालं तर चारशे मैल. सात तास, अधिक दर दीड तासाने एक थांबा, कारण मधुमेह. पोचल्यावर कळतं की, अमेरिकेच्या काठावरून धबधबा दिसतो तो कडेने. समोरून बघायचा तर पूल ओलांडून कॅनडात जावं लागतं. त्यासाठी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, ग्रीन कार्डवाल्याला लागत नाही. म्हणजे आयुष्यभर धबधब्याची वाट पाहिलेल्यांनी अलीकडे उभं राहायचं आणि तिकडे जाऊ शकतो कोण, तर ज्याला आता नायगाराचं नावही ऐकवत नाही तो मुलगा. पाहुणे बदलले की त्याचा नायगारा पुन्हा सुरू.

दुसरा नंबर वेगास आणि ग्रँड कॅन्यन. 'आणि' या शब्दाखाली काय काय दडलंय ते शीटमध्ये दिसत नाही. लास वेगासपासून कॅन्यनचा दक्षिण काठ, म्हणजे राष्ट्रीय उद्यानातला खरा प्रसिद्ध काठ, सुमारे दोनशे ऐंशी मैल. साडेचार तास जायला, साडेचार यायला. रजा संपली असेल तर चिरंजीव पश्चिम काठावर नेतात, तो सव्वादोन तासांवर आहे. हा काठ राष्ट्रीय उद्यानात येत नाही, तो हुआलापाय या आदिवासी राष्ट्राच्या जमिनीवर आहे आणि तिकीट त्यांचं वेगळं. २००७ साली त्यांनी तिथे काचेचा पूल बांधला, त्यावरून खाली बघायचं. काकू बघत नाहीत. त्या डोळे मिटून, रेलिंग धरून, स्तोत्र म्हणत पलीकडे जातात आणि संध्याकाळी फोनवर सांगतात, "अगं, काय दृश्य!" बाबा विचारतात, "याला मैलभर खोल कुणी केलं?" कोलोरॅडो नदीने, असं उत्तर मिळतं. "ती कुठाय?" असं विचारेपर्यंत गाडीत बसायची वेळ झालेली असते. रात्री वेगासला पोचायचं असतं, कारण तिथे कारंजी नाचतात. चारशे शेहेचाळीस किलोमीटर लांब दरीला पन्नास मिनिटं आणि हॉटेलसमोरच्या कारंज्याला अख्खी संध्याकाळ, हे वाटप कुणी केलं? शीटने.

यलोस्टोन असेल तर विचारू नका. १८७२ साली स्थापन झालेलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, क्षेत्रफळ सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर. गोव्याच्या दुपटीहून मोठं. शीटमध्ये त्याच्या वाट्याला आलेत दीड दिवस. उद्यानातल्या खोल्या बऱ्याच आधी भरलेल्या असतात, म्हणून मुक्काम बाहेरच्या गावात, आणि रोज तास-दीड तास आत जाण्यात. ओल्ड फेथफुल नावाचा गरम पाण्याचा फवारा साधारण दीड तासाने उडतो. त्याची वाट पाहणं हाच आईबाबांना सहलीतला मिळालेला एकमेव निवांत वेळ. लाकडी बाकावर बसून शेंगदाण्याचे लाडू खाल्ले जातात, शेजारच्या ओहायोच्या आजींशी हातवाऱ्यांनी नातवंडांची देवाणघेवाण होते. फवारा उडतो. लगेच, "चला, चला, आता बायसन!"

आणि पैसे. अमेरिकेत बासष्ट वर्षांवरच्यांना राष्ट्रीय उद्यानांचा आयुष्यभराचा पास ऐंशी डॉलरमध्ये मिळतो, असं कळल्यावर बाबा खूश होतात. तो नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना, असं कळल्यावर गप्प होतात. १ जानेवारी २०२६ पासून तर परदेशी पाहुण्यांसाठी वर्षाचा पास अडीचशे डॉलरचा झाला आहे. तो नसेल तर ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी अशा अकरा मोठ्या उद्यानांत माणशी शंभर डॉलर जादा. डॉलरला रुपयांनी गुणायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद असते. बाबा गुणतात. मनातल्या मनात गुणतात, आणि मग म्हणतात, "मला काय, मी गाडीत बसतो."

जेवणाचं थोडक्यात सांगतो. डाळतांदळाचा कुकर बरोबर असतो, मेतकूट असतं, दोन दिवसांच्या पोळ्या फॉइलमध्ये असतात. फोडणी मात्र द्यायची नसते. हॉटेलच्या छतावरच्या धुराच्या घंटेला मोहरी आणि आग यांतला फरक कळत नाही.

डिस्नेलँडबद्दल लिहीत नाही. तिथे आजीआजोबा नातवाचा स्ट्रोलर सांभाळायला लागतात, एवढं पुरे.

वरचं सगळं मिळून किती झालं? ओढूनताणून दोन आठवडे. सहा महिन्यांतले दोन आठवडे. उरलेल्या साडेपाच महिन्यांची शीट कुणी बनवत नाही. त्यात अमेरिका म्हणजे उपनगरातलं एक घर, ज्याच्या दारापुढे पदपथ नाही, बस नाही आणि रिक्षा हा विषयच नाही. सकाळी आठला दोन्ही गाड्या निघून जातात. फिरायला जायचं ते पत्रपेटीपर्यंत. आजोबा दिवसातून तीनदा टपाल बघून येतात, त्यात एकही पत्र त्यांचं नसतं. तीन वाजता नातू येतो, मग त्याचं खाणं, झोप, गृहपाठ. इकडच्या पाळणाघराची फी ज्यांनी भरली आहे, त्यांना विमानाची दोन तिकिटं किती स्वस्त पडतात हे वेगळं सांगायला नको. कुणी बोलत नाही. आजीला नातू हवा असतो आणि मुलाला आजी हवी असते, व्यवहार प्रेमाचाच आहे. पण त्याला 'आईबाबांना अमेरिका दाखवायला आणलंय' असं म्हणू नये.

शनिवारी मंदिर, रविवारी कॉस्टको. रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम २०२३ मध्ये उघडलं, तेव्हापासून न्यू जर्सीच्या पाहुण्यांची एक शनिवारची सोय झाली. एखाद्या वर्षी बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन लागतं, ते दर दोन वर्षांनी वेगळ्या शहरात असतं. तिथे विमानाने जायचं आणि पुण्याहून आलेलं नाटक बघायचं. हेच नाटक जानेवारीत बालगंधर्वला बघायचं राहिलेलं असतं, त्यामुळे तक्रार नाही.

आता माझा प्रश्न. या दोघांना एकटं का सोडत नाहीत?

"अहो, त्यांना जमणार नाही." कुणाला? ज्या बाईने डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पस्तीस वर्षं पकडली तिला? ज्या गृहस्थाने चारधामला दरड कोसळल्यावर बावीस जणांची जेवणाची सोय लावली त्यांना? मुंबईत उतरत्या गर्दीत खांदा घालणारी ही माणसं नेवार्कला उतरली की लगेच मुलांच्या डोळ्यांना काचेची दिसू लागतात. येतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागवलेली असते. गुडघ्यांसाठी नाही, इमिग्रेशनच्या रांगेत कुणीतरी सोबत असावं म्हणून. खुर्चीतून उतरून दोघं चालत गाडीपर्यंत जातात, बॅगा स्वतः उचलतात, आणि पुढचे सहा महिने घरचे त्यांना खुर्चीतच बसलेले समजून वागवतात.

सोयी नाहीत असं नाही. न्यूयॉर्कहून चिनी कंपन्यांच्या बस टूर निघतात, गाइड मँडरिन आणि इंग्रजी आलटून पालटून बोलतो. वॉशिंग्टन, कॉर्निंगचं काचेचं संग्रहालय, नायगारा, सगळं तीन-चार दिवसांत उरकतात. ज्या काका-काकूंनी हा मार्ग धरला ते परत येतात तेव्हा जरा उंच झालेले असतात. वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संग्रहालयं फुकट आहेत. न्यूयॉर्कची स्टॅटन आयलंड फेरी फुकट आहे, स्वातंत्र्यदेवतेच्या समोरून जाते, पंचवीस मिनिटांची. बाबांना कळलं तर दिवसभर तिच्यावरच फिरतील. फिरू द्या की.

आणि रेल्वे! शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारी कॅलिफोर्निया झेफिर नावाची अ‍ॅमट्रॅकची गाडी आहे. बावन्न तासांच्या आसपास लागतात, रॉकी पर्वत आणि सिएरा नेवाडा खिडकीतून दिसतात, मोठ्या काचांचा बसायचा डबा असतो. "बावन्न तास? ट्रेनने? वेळ फुकट!" हे कोण म्हणतंय, तर ज्याच्याकडे वेळ नाही तो. ज्यांच्याकडे साडेपाच महिने आहेत त्यांना कुणी विचारलंच नाही.

१८८६च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला आल्या, त्या फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ बघायला. आल्या होत्या थोड्या दिवसांसाठी, राहिल्या जवळपास तीन वर्षं. व्याख्यानं देत, रेल्वेने देश पालथा घालत पार सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेल्या आणि १८८८च्या अखेरीस तिथून जहाजाने निघाल्या. १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहून छापलं. मुक्काम लांबला तर त्याचं काय करावं, याचा नमुना आपल्याकडे त्या काळापासून आहे. आपल्याकडच्या शीटवर त्यांचा पत्ता नाही.

त्याच शीटवर पौकिप्सीही नसतं. फिलाडेल्फियाला नेतात, तडा गेलेली लिबर्टी बेल दाखवतात, फोटो, चीज स्टेक, परत. ज्या शहरात आनंदीबाईंनी डॉक्टरची पदवी घेतली ते हेच, हे गाडीत कुणी बोलत नाही. त्या परतल्या आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेत ज्यांनी त्यांना लेक मानलं त्या कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली, आणि न्यूयॉर्क राज्यात पौकिप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत तिला ठाव मिळाला. तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे. कोथरूडच्या काकूंना आनंदीबाई तोंडपाठ आहेत, मालिका बघून रडल्याही आहेत. त्या दगडापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर त्या सहा महिने भेंडी चिरत बसतात.

ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थची गाडी पकडायची. हडसन नदीच्या काठाकाठाने दोनेक तासांत ती पौकिप्सीला पोचते आणि तिथेच संपते, त्यामुळे स्टेशन चुकायची भीती नाही. जाताना डावीकडची खिडकी धरायची, नदी त्या बाजूला. पासष्टच्या वरच्यांना निम्मं भाडं. स्टेशनवरून टॅक्सी. डबा काकू स्वतः करतील, परतीची शेवटची गाडी कितीची हे काका आदल्या रात्रीच वहीत लिहून ठेवतील. चिरंजीवांची अर्ध्या दिवसाचीही रजा खर्ची पडत नाही. ते ऑफिसात बसून दर दहा मिनिटांनी आईचं लोकेशन बघतील. बघू द्या. बैठक चालू असेल तर तेवढाच विरंगुळा.